सासरेबुवांची टेप आणि सासूबाईंची बाही

आदरणीय साडूभाऊंस,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार (कागदावर वाकतो आहे, प्रत्यक्षात दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघायच्या धंद्यामुळे कंबर आणखी वाकायला नकार देते). आपला गुडघा काय म्हणतो? ताईंचा खोकला गेला, की अजून फोनवर पहिला 'हॅलो' तोच म्हणतो? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं आहे. खरी हकीकत खाली येते आहे. फोनवर का सांगितलं नाही, असं आपल्याला वाटेल. आमचा फोन बैठकीच्या खोलीत, आणि त्या खोलीच्या एका टोकाला सासरेबुवा नि दुसऱ्या टोकाला सासूबाई. मी मधे उभा राहून तुमच्याशी काय बोलणार? म्हणून हे पत्र दवाखान्यात, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात लिहितो आहे. अक्षर मधेच थरथरलं तर समजा की बाहेर कुणीतरी कण्हत होतं.

तर दोघं जुनं घर सोडून आमच्याकडे आली, तेव्हा सामानाचा कारभार सासरेबुवांनी आपल्या हाती घेतला होता, हे तुम्हाला माहीत आहेच. जन्मभर नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी केलेला माणूस. त्यांनी टेम्पोचासुद्धा नकाशा काढला. त्या नकाशात कपाट बसलं, खुर्च्या बसल्या, आणि सासूबाईंचं पायांनी चालवायचं शिलाई मशीन मात्र बसलं नाही. ते वाटेत तुमच्या घरी उतरलं. (त्याबद्दल माझं काहीएक म्हणणं नाही. ते लवकर विसरून जा.) सासूबाई तेव्हा एक शब्द बोलल्या नाहीत. गरजेचं तेवढंच घ्यायचं, असं दोघांचं ठरलंच होतं. पुढे आमच्याकडे खोकी सोडताना, 'औषधे, पथ्य वगैरे' असं सुंदर वळणदार अक्षरात लिहिलेलं खोकं सासूबाईंनी स्वतः उघडलं, काढा-चूर्ण काय असेल ते जागेवर लावावं म्हणून. आतून सासरेबुवांचा जुना कॉम्प्युटर निघाला. तोच, टाइपरायटरएवढा, टीव्हीला जोडायचा, आणि ज्याची सगळी विद्या गाण्याच्या कॅसेटवर साठवायची असते तो.

सासूबाईंनी खोकं परत बंद केलं, आणि तोंडही.

अबोला म्हणजे काय असतो, हे मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. आमच्याकडे भांडण होतं ते मोठ्याने होतं. यांचं तसं नाही. सासूबाई लेकीला म्हणायच्या, "त्यांना सांग, पान वाढलंय." सासरेबुवा समोरच असायचे, पण ते मला म्हणायचे, "हात धुऊन आलोच, म्हणावं." मी घरात नसलो तर ते मधलं दार उघडून सरळ दवाखान्यात यायचे आणि तोंड वासून पडलेल्या पेशंटच्या डोक्यावरून मला सांगायचे की भाजीत मीठ कमी आहे, तेवढं आत कळवा. (पेशंट मानेनेच 'हो' म्हणायचे.) मी हे सुरुवातीला हसण्यावारी नेलं. पण एकदा दुपारी पाहिलं तर सासूबाई पलंगावर पिशवी घेऊन घड्या करत बसलेल्या. हिने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी आपली थोरलीकडे जाते. माझं मशीन तिथं आहे, मीही तिथंच राहीन. त्यांना त्यांचं खोकं आहे सोबतीला." आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. नुसती दमणूक होती. सासरेबुवा दाराबाहेर उभे होते, त्यांनी ते ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचे हात खिशात काहीतरी शोधताना पाहिले, जिथे काहीच नव्हतं.

मग ते माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "त्यात तिचंच काम आहे हो. मी माझ्यासाठी नाही आणलं." हकीकत अशी, की सासूबाई घरी शिवणकाम करायच्या त्या काळात त्यांनी बायकोसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. छाती, खांदा, उंची अशी मापं घातली की कापड कसं बेतायचं ते पडद्यावर हजर. तो प्रोग्रॅम एका कॅसेटवर होता आणि ती कॅसेट खोक्यात होती. हे मी हिला सांगितलं, हिने आत सांगितलं, आणि आतून त्याच वाटेने उत्तर आलं: असेल तर दाखवा म्हणावं. पिशवी तेवढ्यापुरती पलंगाखाली गेली. रिकामी मात्र झाली नाही.

आता दाखवायचं म्हणजे पहिला प्रश्न टीव्हीचा. घरातला नवा टीव्ही त्या कॉम्प्युटरला ओळखच दाखवेना. त्याची पिन बसेल अशी जागाच नव्या टीव्हीला नसते. तशी जागा असलेला जुना डबा घरात एकच, तो माझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पेशंटांचं मन रमवायला ठेवलेला. तेव्हा ही सगळी प्रयोगशाळा तिथे थाटली गेली. या कॅसेटमधून गाणं-बिणं येत नाही, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल. आधी एक लांबच लांब शिट्टी येते, आणि मग किंचाळी. बारीक, करकरीत, न थांबणारी. दाताला मशीन लावल्यावर होतो ना, अगदी तो आवाज, फक्त त्यात माणूसही मिसळलेला. आमच्या भागातले पोस्टमन गाल सुजवून बाकावर बसले होते. सासरेबुवांनी बटण दाबलं, किंचाळी सुरू झाली, आणि मी आत मोकळा उभा आहे हे दिसत असूनही पोस्टमन उठून निघून गेले. जाताना म्हणाले, "आधी आतल्या माणसाचं होऊ द्या."

पण ती किंचाळीदेखील पुढची गोष्ट झाली. सुरुवातीला टेपरेकॉर्डर फिरायलाच तयार नव्हता. उघडून पाहिला तर आतल्या रबरी पट्ट्याचं डांबर झालेलं. ते बोटाला लागलं, बोटावरून ॲप्रनला, ॲप्रनवरून दाराच्या कडीला, आणि कडीवरून घरातल्या प्रत्येकाला. मग शेजारच्या बाईंचा टेपरेकॉर्डर मागून आणला. त्या परदेशी भाषा शिकवतात आणि अजून कॅसेटवरच शिकवतात. आम्ही घाईत कॅसेट बदलायची विसरलो, त्यामुळे कितीतरी वेळ एक गृहस्थ परक्या भाषेत कॉम्प्युटरला 'स्टेशन कुठे आहे' असं काहीतरी विचारत होते आणि कॉम्प्युटर 'लोडिंग एरर' एवढंच सांगत होता. त्यानंतर आवाजाचं बटण. कमी ठेवलं तर कॉम्प्युटरला ऐकूच येत नाही. वाढवलं तर तो चिडतो आणि सगळं टाकून देतो. मधे कुठेतरी एक केसाएवढी जागा आहे, तिथे म्हणे तो समजूतदारपणे वागतो. (घरात आधीच अशी दोन माणसं असताना मला तिसरं नको होतं.) वायरी तीन, त्यांना सासरेबुवांनी फार पूर्वी लावलेल्या चिठ्ठ्या गळून पडलेल्या, त्यामुळे कुठली कशात हे दर वेळी नव्याने भांडून ठरवायचं. एवढं करून शिट्टी यायची, पडद्याच्या कडेला पट्टे नाचायचे, सासरेबुवांचा श्वास थांबायचा, आणि परत 'लोडिंग एरर'.

याच सुमारास मी तुम्हाला फोन केला होता, तो फक्त टेपरेकॉर्डरपुरता. तुम्ही पूल बांधता, म्हणजे तुम्हाला कॉम्प्युटर येत असणारच, असा घरात सर्वांचा दृढ समज आहे, आणि आपणही तो कधी मोडायचा प्रयत्न केलेला नाही. आपण दोन गोष्टी सांगितल्यात. एक, टेप जिथे घासते तो भाग, ज्याला हेड म्हणतात, तो स्पिरिटने पुसा. हे उत्तम झालं. स्पिरिट आणि कापूस माझ्याकडे पुष्कळ. दुसरी, जे जे ढिलं दिसेल ते घट्ट आवळा. मी आवळलं. तोंडात घालायचा छोटा आरसा त्या खाचेत घालून पाहिलं, तर हेडच्या शेजारी एक इवलासा स्क्रू जरा ढिला वाटला, तोही आवळला. नंतर कळलं की जगात तो एकच स्क्रू असा आहे की जो आवळायचा नसतो. (तुमच्या सल्ल्यात चूक होती असं मी म्हणत नाही. पुलाला तो लागू पडलाच असता.) त्यानंतर किंचाळीसुद्धा नीट येईना. सासरेबुवा खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "राहू द्या आता. गेली कॅसेट. जाऊ दे तिला थोरलीकडे, तिथे निदान मशीन तरी आहे." मी पुष्कळ माणसं वेदनेत पाहतो, साडूभाऊ, पण त्यांना सुई देता येते.

तेवढ्यात आतून, स्वयंपाकघरातून, सासूबाईंचा आवाज आला. अर्थातच लेकीला उद्देशून. "चादरीआडून बोलल्यासारखं काय वाजतंय गं ते? आमच्याकडे असं नव्हतं वाजत. कानठळ्या बसायच्या माझ्या, शिवताना." ही दारात आली आणि आम्हाला ते सगळं पुन्हा सांगितलं, जसं काही आम्ही बहिरे होतो. सासरेबुवा ताडकन उठले. नकाशे काढताना उठत असतील तसे. म्हणाले, आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरचं हेड पहिल्यापासून जरा तिरकं होतं. तिरक्या हेडने लिहिलेली कॅसेट तिरक्याच हेडने वाचता येणार, हे हेड सरळ आहे म्हणून आवाज दबतो आहे. तेव्हा हेही तिरकं करा. मला सांगा, ज्या माणसाने उभी हयात वाकडे दात सरळ करून पोट भरलं, त्याला चांगलं सरळ असलेलं वाकडं करायला सांगायचं! पण केलं. बारीक पेचकस त्या स्क्रूला लावला आणि केसभर फिरवला. सासरेबुवांनी कॅसेट लावली. आतून: "अजून बोबडं आहे म्हणावं." ही: "अजून बोबडं आहे." सासरेबुवा, मला: "जरा डावीकडे घ्या." मी फिरवला. आतून: "आता घोगरं झालं." ही: "घोगरं झालं." याच वेळी पोस्टमन परत आले, कारण गाल आता डोळ्यापर्यंत पोचला होता. त्यांना बाकावर बसवलं आणि हलणारी वायर धरून ठेवायला दिली. मी पुन्हा फिरवला. आणि एकदम तो आवाज असा काही स्वच्छ, धारदार, कान कापत जाणारा आला की पोस्टमनांनी मोकळ्या हाताने दुसरा, बरा असलेला गाल धरला. आतून नुसतं "हां" आलं. ही "हां" म्हणायच्या आत सासूबाई स्वतःच तिच्या मागे दारात उभ्या होत्या, कणकेचे हात तसेच.

किंचाळी चालू राहिली. मग ती थांबली, आणि पडद्यावर रोमन अक्षरांत, (त्या यंत्राला आपली लिपी कुठली यायला,) हळूहळू एक ओळ उमटली: नमस्कार, बाईसाहेब. आज काय शिवायचं?

सासरेबुवा खुर्चीवरून उठून बाजूला झाले. सासूबाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि बसल्या. मला बोलावून उभं केलं, कमरेला खोचलेली टेप (ही मोजायची, घरात टेप म्हटलं की आता कुठली ते विचारावं लागतं) काढली आणि माझी छाती, खांदा, उंची घेतली. एका बोटाने आकडे दाबले, अगदी रोजचं काम असल्यासारखे. पडद्यावर आकड्यांची रांग आली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. मग मान वळवली आणि सरळ नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "बाही अजून लांबच येतेय."

इतक्या दिवसांतला पहिला शब्द, आणि तो बाहीबद्दल. सासरेबुवांना आधी कळलंच नाही की हे आपल्यालाच आहे. त्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी पोस्टमनांकडे पाहिलं.

"अजून म्हणजे?" सासरेबुवा म्हणाले.

"म्हणजे पहिल्यापासून. याने बेतलेला फ्रॉक घातला तर पोरीचे हात दिसायचे नाहीत."

"मग तू रोज मापं घालायचीस ती?"

"तुम्ही समोर बसायचात ना. तुम्ही ऑफिसला गेलात की मी आपली माझ्या अंदाजाने बेतायची."

सासरेबुवांनी भिंतीला हात टेकला. "अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"रोज घरात पाऊल टाकलंत की चपला काढायच्या आधी विचारायचात, चाललं का आज ते, म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "मला फ्रॉक कसाही बेतता आला असता. तुमचा चेहरा बघवला नसता."

साडूभाऊ, मी तेव्हा पोस्टमनांचा गाल तपासायला घेतला, कारण कुठेतरी बघणं भाग होतं. तेही शहाणे, त्यांनी विनाकारण तोंड उघडून ठेवलं. मग सासरेबुवांनी सासूबाईंच्या हातातली टेप घेतली, आपला सदरा सारून खांद्यापासून मनगटापर्यंत स्वतःचा हात मोजला, पडद्यावरचा एक आकडा पाहिला आणि म्हणाले, "माझा हात आहे हा. मी बाही माझ्या हातावरून घेतली." (त्यांचे हात आपण पाहिलेच आहेत. पंखा बसल्या जागेवरून पुसतात.) सासूबाई हसल्या. आवाज न करता, नुसते खांदे हलवत. ते हसले नाहीत. म्हणाले, "मशीन बसत होतं टेम्पोत. हे खोकं आडवं केलं नसतं तर बसत होतं."

"मला नाही का दिसत?" सासूबाई म्हणाल्या. "अख्ख्या पोरीचा फ्रॉक दीड हात कापडात बसवलाय मी. टेम्पोत काय बसतं ते मला कळत नाही? एवढंच बोलून दाखवायला पाहिजे होतंत. तिथेच."

"चुकलं माझं."

"कणीक वाळतेय," असं म्हणून त्या आत गेल्या. थोड्या वेळाने सासरेबुवाही त्यांच्या मागे आत गेले, आणि भिंतीपलीकडून दोघांचे आवाज येऊ लागले. दोघांचेही, एकदम, एकमेकांसाठी न थांबता. पोस्टमनांची दाढ मी त्याच आवाजावर काढली. ते म्हणाले, मघाच्या त्या कॅसेटपुढे हे काहीच नव्हतं.

पिशवी संध्याकाळी रिकामी झाली. त्या दिवसापासून दोघं बोलतात, आणि काय बोलतात! सासरेबुवांनी बाही दुरुस्त करायला घेतली आहे. बाही दुरुस्त झाली की ती जिथे जोडतात तो मुंढा बिघडतो, मुंढा सुधारला की गळा उतरतो, आणि दर वेळी सासूबाई शेजारी बसून "कापडाला तिरका ताण असतो हो, कागदाला नसतो" असं सांगतात, आणि ते "मग हे आधी का नाही बोललीस" म्हणून वाद घालतात. पेशंट ऐकत बसतात. एक जण दात पूर्ण बरा असताना येऊन गेला, असा मला संशय आहे. हिला विचाराल तर ती म्हणेल की अबोल्यात घर शांत तरी होतं. पण तीही उगाचच त्या खोलीतून ये-जा करत असते, हे मी पाहून ठेवलं आहे. शेजारच्या बाईंचा टेपरेकॉर्डर अजून आमच्याकडेच आहे. हेड तिरकं केल्यापासून त्यांच्या कॅसेटमधले गृहस्थ तोंडात गोळी धरल्यासारखं स्टेशन विचारतात. पुढे काय करावं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

ताईंना नमस्कार. मुलांना आशीर्वाद, त्यांना नको असले तरी. गुडघ्याला जपा, आणि दातांकडेही एकदा बघून घ्या. मागच्या खेपेला आपण हसलात तेव्हा मला एक जागा आवडली नव्हती.

आपला धाकटा साडू

ता. क. खरं म्हणजे हे पत्र एका कामासाठी लिहायला घेतलं आणि तेच राहिलं. तुमच्याकडचं ते मशीन पाठवून द्या. मी वर म्हटलं होतं की त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते सौजन्य होतं. नीट विचार केलात तर पटेल: ते मशीन आणि सासूबाई फार काळ वेगळ्या घरांत राहणार नाहीत, तेव्हा कुणी कुणाकडे जायचं एवढाच प्रश्न आहे. पाठवण्यापेक्षा तुम्ही दोघंच घेऊन या. सासरेबुवा टेम्पोचा नकाशा काढून देतो म्हणत होते. मी नको म्हणालो.

आणखी एक. ही म्हणते, ताईंना सांगा, मशीनवर ठेवलेली कुंडी स्टुलावरही तितकीच छान दिसते. (कुंडीचं हिला कसं कळलं, ते मला विचारू नका.)

अगदी शेवटचं, पाकीट चिकटवता चिकटवता. आज दुपारी बाही एकदाची बरोबर आली. माझ्या हाताला लावून पाहिली, मनगटावर येऊन थांबली. दोघांनी तो दुरुस्त प्रोग्रॅम त्याच कॅसेटवर, जुन्यावरच, उतरवायला घेतला, आणि शिट्टी चालू असतानाच भलतंच बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला; टेप मात्र फिरतच राहिली. आता कॅसेटवर ना जुना प्रोग्रॅम, ना नवा. नुसती शिट्टी आहे. मला वाटलं, आता रडारड होणार. आत्ता डोकावलो तर सासूबाई, शेजारी बसून बसून पाठ झालेली, एकेक ओळ आठवून सांगताहेत, सासरेबुवा एका बोटाने टाइप करताहेत, "हळू सांग गं" म्हणताहेत, आणि त्या मुद्दाम भराभर सांगताहेत.